आमच्या ओट्यावर पोरी येत नाहीत

गावातून, ता. पारोळा
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आत्याबाई,

दंडवत. तुम्हांला फोन करायचा म्हणजे आख्ख्या गल्लीला बातमी द्यायची. परवा मी चार वेळा ओरडून "बरी आहे" म्हटलं, तरी तुम्ही "कोण आजारी आहे?" असंच विचारत होतात. कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, आत्याबाई! म्हणून हे पत्र. शिवाय जे लिहायचंय ते मोठ्याने बोलायची गोष्टही नाही.

गेल्या महिन्यात धुळ्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुलांच्या सुरक्षिततेचं. कोणी नको तसा हात लावला, नको ते बोललं, 'कोणाला सांगू नको' म्हणून दम दिला, तर मुलांनी काय करायचं, ते शिकवायचं. सहावी ते आठवीला दर गुरुवारी एक तास. हेडसरांनी तो माझ्याच गळ्यात घातला. म्हणाले, "तुम्ही चेअरमनच्या सूनबाई, तुम्हाला कोण बोलणार?" मलाही ते पटलं. चेअरमन म्हणून नानांनी संस्थेची परवानगी हसत हसत दिली.

पहिल्याच तासाला फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. नाही म्हणा. तिथून निघा. मोठ्या माणसाला सांगा. पोरं खी खी करत होती, पोरी बाकाकडे बघत होत्या. आमची भूमिका सातवीत माझ्याच वर्गात आहे. वर्गात मी तिची आई नाही, हा माझा नियम तुम्हांला माहीत आहे. तिने हात वर केला की मी 'तू घरी विचार' म्हणते आणि दुसऱ्याला उठवते, नाहीतर 'मॅडमची पोरगी' म्हणून बोंब होते.

आता खरं दुखणं सांगते. रविवारी भुलाबाई बसली. आज सहावा दिवस, आमच्या ओट्यावर एक पोरगी आलेली नाही. समोर भागाबाईकडे गाणी म्हणायला येतात, शेजारी येतात, टिपऱ्या वाजतात, आमचं दार सोडून पुढे जातात. मागच्या वर्षी नाना स्वतः डब्यात खाऊ लपवायचे आणि पोरींना ओळखायला लावायचे, किती गलका व्हायचा. यंदा मी केलेले दाण्याचे लाडू मी आणि नानाच खातोय. भूमिका म्हणते, "त्यांना अभ्यास असेल." मला वाटतं, माझ्या तासामुळे आयांनी पोरींना घातलेली ही बंदी आहे. घाणेरडं शिकवते म्हणत असतील. गाव असं पाठ फिरवायला लागलं की भीती वाटते हो.

तास बंद करू का? तुम्ही तीस वर्षं रेल्वेच्या शाळेत घालवलीत, तुम्हीच सांगा. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवा, घरी नानांच्या कागदांत हरवतं.

तुमची,
कामिनी


भुसावळ
१६ सप्टेंबर २०२५

चि. कामिनी,

यंत्र कानात घातलं की जगातला बठ्ठा कचरा ऐकू येतो, म्हणून ते कपाटात असतं. पत्र बरं केलंस.

तास बंद करू नकोस. हे पहिलं आणि पक्कं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आता विचारते त्याची नीट उत्तरं दे. पोरी तुझ्या तासानंतर यायच्या थांबल्या, की त्याच्या आधीपासूनच येत नव्हत्या? सुट्टीत येत होत्या का? भूमिका दुसऱ्यांकडे गाणी म्हणायला जाते का? शाळा सुटल्यावर तू घरी पोचेपर्यंत घरात कोण असतं? भूमिकाचा बाप हितेंद्र सुरतेहून कधी येतोय?

तोवर कुठल्याही पोरीला घरी बोलावू नकोस. खाऊ वाटायचा तर शाळेत वाट. भूमिकाला तुझ्याजवळ झोपव, दाराला आतून कडी लाव. का, ते विचारू नकोस. म्हातारपणी उगाच काहीबाही मनात येतं आणि मग ते जात नाही.

तुझी,
आत्याबाई


गावातून
२० सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आत्याबाई,

पत्र काल मिळालं. पाकीट उघडंच होतं, हल्ली डिंक कसला लावतात कोण जाणे. आमचा शिपाई नथ्थू म्हणाला, "मॅडम, बठ्ठं टपाल आधी नानांच्या ओट्यावर जातं, ते बघतात, मग मी शाळेत आणतो." इतकी वर्षं इथे नोकरी करून मला हे माहीत नव्हतं! मला पत्र लिहिणारं तरी कोण होतं म्हणा.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पोरी आखाजीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच यायच्या कमी झाल्या, असं आता आठवतं. मी संस्थेची कामं उरकून सहाला येते, तोवर घरी नाना असतात. हितेंद्र दिवाळीला येतील.

आणि ऐका, पोरींना कोणी अडवलंय ते कळलं. आमच्या भूमिकानेच! भागाबाईची मुलगी बोलून गेली. भूमिकाने एकेकीला गाठून सांगितलंय, "आमच्या घरी येऊ नका, मी घरी नसले तर अजिबात येऊ नका." मी तिला विचारलं, तर खाली मान. माझा संताप झाला, आत्याबाई. मी तिला एक चापट मारली. आई असले विषय शिकवते याची तिला लाज वाटत असणार, या वयात वाटते. चापट मारल्यावर ती रडलीसुद्धा नाही, तेच मला बोचतंय.

त्याहून मोठी गोष्ट परवाच्या गुरुवारची. वर्गात मी प्रश्नपेटी ठेवली आहे, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. एका चिठ्ठीवर डाव्या हाताने काढल्यासारखं वाकडं अक्षर होतं. "घरातलाच माणूस असेल तर कोणाला सांगायचं?" आणि खाली, "आईची नोकरी त्याच माणसाच्या हातात असेल तर?"

मी ती वर्गात मोठ्याने वाचली आणि शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं, की आईला सांगा, आई सगळं बघून घेईल. बोलताना माझी नजर भागाबाईच्या मुलीवर गेली. भागाबाई शाळेत खिचडी शिजवते, ते काम तिला तिच्या दिराने मिळवून दिलं, आणि तो दीर त्यांच्याच घरात राहतो. सगळं जुळतंय. त्या पोरीच्या तोंडाकडे मला बघवत नाही. मी काय करू? लवकर लिहा.

कामिनी


भुसावळ
२३ सप्टेंबर २०२५

चि. कामिनी,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या सासऱ्यांना, लोटनभाऊंना, माझा नमस्कार सांग, त्यांची आठवण येते.

माझे गुडघे फार धरलेत. उठबस होत नाही. दसऱ्यापर्यंत भूमिकाला माझ्याकडे पाठव, दोन घास करून घालेल. माझ्या प्रेमराजला शनिवारी गाडी घेऊन पाठवते, तिची पिशवी भरून ठेव. शाळा चार दिवस बुडाली तर काही बिघडत नाही.

बाकी चिठ्ठ्याबिठ्ठ्यांच्या फार नादी लागू नकोस. पोरं काहीही लिहितात.

तुझी,
आत्याबाई


पारोळा बस स्टँड
२६ सप्टेंबर २०२५

आत्याबाई,

मी तुम्हांला एका पोरीच्या जिवाचं विचारलं आणि तुम्ही मला गुडघ्यांचं लिहिलंत. मी पत्र दोनदा उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

तुमचे गुडघे नानांना मात्र माझ्या आधी कळले. पत्र हातात पडायच्या आधीच तुमचं नाव घेऊन म्हणाले, "इंदीले सांग, पोरगी येवाव नई." प्रेमराजभाऊंनाही त्यांनीच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. भूमिकाची चाचणी परीक्षा आहे म्हणे.

सोमवारपासून मी तीन दिवस धुळ्याला, प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा. यादीत माझं नाव नव्हतं, नानांनी फोन करून घालायला लावलं. मी म्हटलं, घरचं कोण बघेल? तर म्हणाले, "वरण-भात करापुरती पोरगी मोठी शे आते." तुमची नात कालपासून अंगात कणकण आहे म्हणून पडून आहे. सकाळी माझी पिशवी धरून बसली, मीही धुळ्याला येते म्हणून. बारा वर्षांची घोडी! तिथे मुलांना राहू देत नाहीत हे दहा वेळा सांगितलं. मैत्रिणीकडे झोपते म्हणाली, ते नानांना चालत नाही.

भागाबाईला मी हळूच तिच्या दिराबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमी आपला घरमा पाहा." आणि पातेलं तसंच टाकून निघून गेली. दोन दिवस खिचडी हेडसरांनी बाहेरून मागवली. इतकं तोडून बोलायचं काय कारण?

मला कशाची तरी भीती वाटते आणि ती कशाची ते कळत नाही. हे पत्र स्टँडजवळच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने टाकतेय. तुमचा राग आला तरी लिहायला तुम्हीच आहात.

कामिनी


भुसावळ
३० सप्टेंबर २०२५
(प्रेमराजच्या हाती, धुळे)

कामिनी,

आधी हे वाच. भूमिका माझ्याजवळ आहे. जेवून झोपली आहे. आता बस आणि पुढचं वाच. प्रेमराज बाहेर थांबेल.

तुझं पत्र काल दुपारी एकला आलं. मी यंत्र न घेता, चपला उलट्यासुलट्या घालून स्टँडवर गेले. मिळाली ती बस धरली. नशिराबादला ती अर्धा तास अडकली, पुढे ट्रक आडवा झाला होता. तो अर्धा तास मी कसा काढला ते मला माहीत. प्रत्येक मिनिटाला वाटत होतं, शाळा सुटली असेल.

पोचले तेव्हा साडेचार झाले होते. तुझ्या घराचा दरवाजा उघडा, लोटन ओट्यावर सुपारी कातरत बसलेला. भूमिका घरात नव्हती. तेवढ्यात समोरून भागाबाईने हात केला. पोर तिच्या चुलीमागे बसली होती, दप्तरासकट, शाळा सुटल्यापासून. आखाजीपासून रोज तिथेच बसते, तू येईपर्यंत. तू जिच्या दिरावर संशय घेतलास तिने तुझी लेक पाच महिने सांभाळली. भागाबाई एवढंच म्हणाली, "बाई, पोरले लई जा. मी गरीब शे, मना बोलना कोन इश्वास करी?"

मी लोटनला म्हटलं, नेते. तो उठला. म्हणाला, "इंदे, घरनी गोट घरमा ऱ्हाऊ दे." हेच वाक्य मी बावन्न वर्षांपूर्वी आईच्या तोंडून ऐकलं होतं. मी पोरीचा हात धरून निघाले. मागे वळून पाहायची मला हिंमत झाली नाही.

आता माझा गुन्हा सांगते. मी बारा वर्षांची होते, माझा भाऊ लोटन अठराचा. माझी मैत्रीण सुमन भुलाबाईत आमच्याकडे यायची बंद झाली. मग एकेक करून सगळ्याच. मला कारण माहीत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आईला सांगितलं, तर तिने तोंडावर मारलं. दिवाळीनंतर सुमनचे आईवडील गाव सोडून गेले. मी गप्प बसले ती कायमची. हितेंद्रसाठी तुझं स्थळ मी आणलं. वाटायचं, माणूस म्हातारा झाला, सरपंच झाला, चेअरमन झाला, आता काय करणार. तुझ्या पहिल्या पत्रात 'आमच्या ओट्यावर पोरी येत नाहीत' हे वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी तुला कडी लावायला सांगितली आणि कोणापासून ते सांगितलं नाही. तुझ्या दुसऱ्या पत्रातून कळलं, पत्रं तो फोडतो. म्हणून पुढचं पत्र गुडघ्यांचं लिहिलं, ते त्याच्यासाठी होतं. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

सरळ येऊन पोरीला उचलायला हवं होतं. मी भ्यायले. या वयातही त्याच्या सुपारी कातरण्याच्या आवाजाला भ्यायले.

एरंडोल सोडल्यावर भूमिका बोलायला लागली. मला काही ऐकू येईना. "मोठ्याने सांग" म्हटलं. तिने मोठ्याने सांगितलं. पुन्हा म्हटलं, "मोठ्याने." शेवटी ती पोर ओरडून सांगत होती आणि बस चिडीचूप झाली होती. कोणी हसलं नाही. लताबाई म्हणून कंडक्टर होती, ती तिकिटं द्यायची थांबून आमच्या बाकाशी उभी राहिली, जळगाव येईपर्यंत. उतरताना तिने मला तिचा नंबर लिहून दिला आणि म्हणाली, "साक्षीला बोलवा. मी ऐकलंय."

काय झालं ते मी लिहिणार नाही. ते भूमिका तुला सांगेल, तिच्या शब्दांत, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा. एवढंच लिहिते, की तू फळ्यावर ज्या तीन ओळी लिहिल्यास त्यांतल्या पहिल्या दोन तिने तुझ्या तासाच्या आधीच करून पाहिल्या होत्या. वाकडी चिठ्ठी तिचीच.

मी जबाब देईन. सुमनचंही सांगेन.

आत्याबाई


धुळे
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

आत्याबाई,

तुमचं पत्र वाचून मी प्रशिक्षणाच्या हॉलमध्येच खाली बसले. ज्योती मॅडम आमच्या प्रशिक्षक, त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "विद्यार्थिनी आहे का?" मी म्हटलं, "माझी मुलगी आहे." हे तीन शब्द तोंडातून निघायला किती वेळ लागला.

त्या म्हणाल्या, शिक्षकाला कळलं की कळवावंच लागतं, आणि आई असली तर दुप्पट. त्यांनी १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. आम्ही त्याच संध्याकाळी पोलीस स्टेशनला गेलो. लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, आरोपीशी नातं काय. मी म्हटलं, सासरे. पेन थांबलं, मग चालू झालं. त्यांनी सांगितलं, भूमिकाचा जबाब साध्या कपड्यांतली बाई येऊन घेईल, तुमच्या घरीच, ती म्हणेल तेव्हा.

हितेंद्रांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वडील आहेत ते, कामिनी. चुकीचं काही झालं असेल तर मी बोलतो त्यांच्याशी, तू कागद करू नको." मी म्हटलं, कागद झाला. त्यांनी फोन ठेवला. तासाभराने पुन्हा केला, नुसते रडत होते. सुरतेहून निघालेत म्हणतात. येऊन कोणाच्या बाजूला उभे राहतील, मला माहीत नाही. नोकरी राहणार नाही हे माहीत आहे. हेडसरांचा निरोप आलाच, तास घेऊ नका, पेटी काढून ठेवली आहे.

मला फार भीती वाटते, आत्याबाई. गावात परत पाऊल टाकायची, पोरीच्या डोळ्यांत बघायची. मी तिला मारलं. तिने पिशवी धरली तेव्हा मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तुमच्यावर रागवायला मला तोंड नाही. तुम्ही बावन्न वर्षं गप्प बसलात आणि मी बोलत होते, दर गुरुवारी, फळ्यासमोर उभी राहून.

रविवारी येते. भागाबाईच्या पाया पडून मग येते. हे पत्र प्रेमराजभाऊंच्या हाती पाठवतेय, सोबतची चिठ्ठी भूमिकाला द्या. तिला वाचावीशी वाटली तरच.

कामिनी

*भूमिका, तू पेटीत विचारलं होतंस, आईची नोकरी त्याच माणसाच्या हातात असेल तर कोणाला सांगायचं. मी वर्गात नुसतं पाठ केलेलं उत्तर दिलं. खरं उत्तर हे आहे. आईलाच सांगायचं, आणि आईने नोकरी सोडायची. मी सोडली. — आई*


भुसावळ
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई,

चिठ्ठी मिळाली. मी ती चार वेळा वाचली. आजी म्हणते, तू रडत रडत लिहिली असशील, पण अक्षर तर सरळ आहे.

इथे कॉलनीत भुलाबाई आहे. मी अजून गेले नाही. खालच्या मजल्यावरच्या मुली आजीच्या दारात येऊन गाणी म्हणून गेल्या. आजीने डब्यात खाऊ ठेवला आणि झाकण उघडंच ठेवलं. म्हणाली, "ओळखायला काही नको, दिसतंय ते घ्या."

त्या पोलीस मॅडम काल येऊन गेल्या. त्यांनी विचारलं, आधी कोणाला सांगितलं होतं का. मी म्हटलं, चिठ्ठी टाकली होती. पण ते पूर्ण खरं नाही, म्हणून तुला लिहितेय. तू पहिल्या गुरुवारी विचारलंस, कोणाला काही विचारायचं आहे का, तेव्हा मी हात वर केला होता. पूर्ण वर, बाकावरून उठून. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "भूमिका, तू घरी विचार."

घरी नाना होते, म्हणून मी वर्गात विचारत होते.

मी रागावलेली नाही. तू रविवारी आलीस की मी हात वर करीन. तू मला उठव.

तुझी,
भूमिका